अनिश्चितसंख्य पदांचे मॅक्रो : एक भाषाशास्त्रीय टिपण

'दादरच्या फूलबाजारातून झेंडू, शेवंती व आंब्याची पाने आणली' या वाक्यात कर्माचे स्थान एकच आहे. त्या स्थानी किती नामे यावीत, हे मात्र व्याकरण ठरवीत नाही. अशा खुल्या यादीस पाणिनीय परंपरेत 'आकृतिगण' ही संज्ञा आहे. सी या संगणकभाषेने हाच प्रश्न कसा सोडविला, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

मॅक्रो हा वस्तुतः आदेश होय : एका शब्दाच्या स्थानी दुसरा मजकूर ठेवणारा नियम. हे कार्य प्रीप्रोसेसर कंपायलरच्या आधी करतो. त्याला वाक्यार्थ कळत नाही. शब्द, कंस व स्वल्पविराम एवढेच तो ओळखतो. 1989 च्या प्रमाणकात फंक्शनला अनिश्चितसंख्य पदे घेता येत, मॅक्रोला येत नसत. म्हणून सर्व पदे दुहेरी कंसांत घालून ती एकच असल्याचे भासवावे लागे. फंक्शनने भागत नसे, याचे कारण असे की, चुकीची नोंद करताना ती ज्या ओळीत घडली तिचा क्रमांक हवा असतो. तो जागेवरच विस्तारणाऱ्या मॅक्रोलाच आपोआप मिळतो.

1999 च्या प्रमाणकाने ही उणीव दूर केली. व्याख्येत शेवटी तीन टिंबे द्यावयाची व विस्तारात 'व्हीए आर्ग्ज' हे नाम योजावयाचे. उरलेली सर्व पदे स्वल्पविरामांसह तेथे येतात. उदाहरणार्थ, 'नोंद(नमुना, ...)' याचा विस्तार 'छाप(नमुना, व्हीए आर्ग्ज)' असा केला, तर 'नोंद("%d %d", अ, ब)' यथायोग्य चालते. परंतु केवळ 'नोंद("आरंभ", )' असे लिहिल्यास यादी रिक्त राहून 'छाप("आरंभ", )' उरते आणि तो अनाथ स्वल्पविराम कंपायलरला अमान्य होतो. सी-23 प्रमाणकाने यासाठी 'व्हीए ऑप्ट' स्वीकारले : यादीत काही असेल तरच स्वल्पविराम यावा, अन्यथा त्याचा लोप व्हावा.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. मॅक्रो पदे मोजत नाही, त्यांचा प्रकारही तपासत नाही. नमुन्यात दोन पदांची अपेक्षा असून एकच दिले, तर परिणाम काय होईल याची हमी भाषा देत नाही. 'इत्यादी' म्हणणे सोपे. त्यात काय येते याचे उत्तरदायित्व लिहिणाऱ्याचेच राहते.