वरचा उजवा कोपरा

कासारवाडीत नाशिक फाट्याच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये छोटी मशीन शॉप आहेत. त्यांतल्या एका शॉपच्या क्वालिटी विभागात मी एका इन्स्पेक्टरशेजारी बसले होते. त्यांच्या स्क्रीनवर ग्राइंडिंग झालेल्या शाफ्टची रीडिंग होती. ड्रॉइंगवर २५ एच ६, म्हणजे व्यास जास्तीत जास्त २५.००० मिलिमीटर आणि कमीत कमी २४.९८७. सगळी मोकळीक १३ मायक्रॉनची.

आलेख ते पायथनमध्ये, मॅटप्लॉटलिब वापरून काढतात. प्रत्येक रेषेला कोडमध्येच लेबल द्यायचं आणि शेवटी लेजंडची, म्हणजे कोणती रेषा कशाची हे सांगणाऱ्या चौकटीची, एक ओळ लिहायची, एवढंच काम. पण दोन मशीनची रीडिंग लूपमधून काढताना मर्यादेच्या रेषाही लूपमध्येच राहिल्या आणि लेजंडमध्ये वरच्या मर्यादेचं नाव दोनदा उमटलं. त्यांनी त्या रेषा लूपबाहेर काढल्या. रेषा हवी पण लेजंडमध्ये नाव नको असेल, तर लेबलची सुरुवात अंडरस्कोरने केली तरी भागतं.

खरा प्रश्न जागेचा होता. लेजंड उजवीकडे वरच्या कोपऱ्यात बसलं होतं. मॅटप्लॉटलिबमध्ये २.० आवृत्तीच्या आधी ती आपोआप मिळणारी जागा होती, आणि जुन्या कोडमध्ये ती अजूनही सर्रास दिसते. ग्राइंडिंगच्या आलेखात मात्र याहून वाईट जागा नाही. व्हील झिजत जातं तसा शाफ्टचा व्यास हळूहळू वाढतो, म्हणून ठिपके डावीकडून उजवीकडे वर चढतात. व्हील ड्रेस करायची, म्हणजे त्याला पुन्हा धार आणायची, आणि मशीनचा ऑफसेट बदलायची वेळ झाली हे सांगणारे ताजे ठिपके नेमके त्याच कोपऱ्यात येतात. ऑपरेटरने प्रिंट हातात घेऊन विचारलं, “साहेब, शेवटची रीडिंग कुठंयत?” ती लेजंडच्या चौकटीखाली होती.

‘बेस्ट’ असा पर्याय आहे. त्यात प्रोग्राम नऊ जागा तपासतो आणि कमीत कमी झाकलं जाईल अशी जागा निवडतो. इन्स्पेक्टरांनी तो नाकारला, आणि मला ते पटलं. रीडिंग बदलली की लेजंडही जागा बदलणार, आणि मशीनजवळच्या बोर्डावर रोज लागणाऱ्या कागदात माणसाची नजर ठरलेल्या जागी जाते. त्यांनी लेजंड आलेखाच्या चौकटीबाहेर, खाली एका ओळीत मांडलं.

मग लेबलं मराठीत करायची ठरली. मूळ फॉन्टमध्ये नुसते चौकोन आले. देवनागरी फॉन्ट दिल्यावर अक्षरं आली, पण ‘पहिली’मधली वेलांटी ह-च्या पुढे जाऊन बसली आणि ‘मर्यादा’मधला रफार सुटला. त्या आवृत्तीत जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी नीट मांडण्याची सोय नव्हती. त्यांनी ‘मशीन १’, ‘मशीन २’, ‘वरची सीमा’, ‘खालची सीमा’ अशी नावं घेतली. ती चोख उमटली.

शॉपमधला प्रिंटर काळा-पांढरा आहे, त्यामुळे निळ्या-नारिंगी रेषा कागदावर सारख्याच करड्या झाल्या. मशीन १ ला गोल खुणा, मशीन २ ला चौकोनी, सीमांना तुटक रेषा असं बदलून त्यांनी पुन्हा प्रिंट काढला आणि ऑपरेटरच्या हातात दिला. त्याने चौकोनी खुणांवरून बोट उजवीकडे नेलं आणि मशीन २ चं व्हील ड्रेस करायला निघाला.