एक व्हॉल्व्ह, दोन मागण्या

मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरात पाइपने येणाऱ्या गॅसचा दाब असतो फक्त 21 मिलिबार. वीतभर उंच पाण्याचा स्तंभ तळाशी देईल, जेमतेम तेवढाच. दहेजहून उरणकडे येणाऱ्या वाहिनीसारख्या मोठ्या पाइपांत मात्र दाब साधारण 50 ते 90 बार असतो, म्हणजे शेगडीच्या काही हजार पट. हा दाब टप्प्याटप्प्याने उतरवायचा आणि पुढे गॅस किती सोडायचा तेही सांभाळायचं, हे वाटेवरच्या स्टेशनांचं काम. त्याबद्दलचे काही गैरसमज आणि त्यामागची वस्तुस्थिती.

गैरसमज : दाब जास्त, म्हणजे प्रवाह जास्त.
वस्तुस्थिती : प्रवाह दाबातल्या फरकामुळे होतो. व्हॉल्व्ह बंद असेल तर मागे 70 बार दाब असूनही प्रवाह शून्य. फरक वाढवण्यालाही मर्यादा आहे. व्हॉल्व्हपुढचा दाब मागच्या दाबाच्या निम्म्याच्या आसपास आला की गॅस त्या अरुंद जागेत ध्वनीच्या वेगाला पोचतो. मग पुढचा दाब आणखी उतरवला तरी प्रवाह वाढत नाही.

गैरसमज : एकाच व्हॉल्व्हने दाब आणि प्रवाह दोन्ही हवे तिथे धरून ठेवता येतात.
वस्तुस्थिती : व्हॉल्व्हला करता येण्यासारखी गोष्ट एकच, कमी किंवा जास्त उघडणं. दाब पक्का धरला तर प्रवाह किती हे गिऱ्हाईक ठरवतं. प्रवाह पक्का धरला तर दाब गिऱ्हाइकाच्या वापराप्रमाणे वरखाली होतो. म्हणून स्टेशनवर दोन कंट्रोलर ठेवतात. समजा, दाबाचा कंट्रोलर म्हणतो ‘60 टक्के उघड’ आणि प्रवाहाची कमाल मर्यादा राखणारा म्हणतो ‘45 टक्के’. दोघांमधून निवड करणारा घटक लहान आकडा उचलतो आणि व्हॉल्व्ह 45 टक्क्यांवर थांबतो. मागणी ओसरली की सूत्रं आपोआप दाबाच्या कंट्रोलरकडे परततात. इथे एक मेख असते. ज्याचं ऐकलं जात नाही तो कंट्रोलर आतल्या आत आपला आकडा फुगवत राहतो. त्याला चालू स्थितीशी जुळवून ठेवलं नाही, तर सूत्रं हाती येताना त्याला सावरायला वेळ लागतो आणि तोवर दाब भलतीकडेच जातो.

गैरसमज : पाण्यासारखंच, आत शिरला तेवढाच गॅस त्याच क्षणी बाहेर पडतो.
वस्तुस्थिती : गॅस दबतो, त्यामुळे पाइप हीच टाकी होते. 30 इंची पाइपच्या 100 किलोमीटर लांबीत 40 हजार घनमीटरहून जास्त जागा असते. तिथला सरासरी दाब फक्त 1 बारने उतरला तरी नेहमीच्या हवेच्या दाबाला मोजलेला जवळपास तेवढाच गॅस मोकळा होतो. सकाळ-संध्याकाळची वाढती मागणी भागवायला हा साठा, म्हणजे ‘लाइनपॅक’, उपयोगी पडतो. तो भरायचा आणि खर्चायचा, तर दाब थोडा चढू-उतरू द्यावाच लागतो.

गैरसमज : एकामागे एक दोन रेग्युलेटर बसवले की धोका टळला.
वस्तुस्थिती : रेग्युलेटर म्हणजे पुढचा दाब आपोआप राखणारा व्हॉल्व्ह. त्याला शहरातला दाब कळतो तो ‘सेन्सिंग लाइन’ या बारीक नळीतून. 13 सप्टेंबर 2018 रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हर या गावांना ही नळी चुकीच्या जागी राहिल्याची किंमत मोजावी लागली. बिडाची जुनी वाहिनी बदलून प्लास्टिकची टाकण्याचं काम चालू होतं, पण सेन्सिंग लाइन जुन्या वाहिनीलाच जोडलेल्या राहिल्या. जुनी वाहिनी तोडताच तिच्यातला दाब पडला. गावातच दाब कमी झाला असं ‘समजून’ रेग्युलेटर पूर्ण उघडला. त्याच्यावर पहारा ठेवणारा मॉनिटर रेग्युलेटरही त्याच मेलेल्या वाहिनीवरून दाब मोजत होता. त्यानेही वाट मोकळी केली. सुमारे 35 मिलिबारसाठी बांधलेल्या जाळ्यात त्याच्या कितीतरी पट दाब घुसला. स्फोट आणि आगींत 131 इमारतींचं नुकसान झालं, एक तरुण दगावला.

दोन पहारेकरी होते, पण डोळा एकच. म्हणून स्टेशनवर रेग्युलेटर किती आहेत एवढं विचारून भागत नाही. प्रत्येक जण दाब कुठून मोजतो हेही विचारावं लागतं.