पुलावर काठी टेकवायची नाही

जपानच्या शिकोकू बेटावर पूल आला की पायी यात्रेकरू हातातली काठी उचलून धरतात. शिंगोन या बौद्ध पंथाचे संस्थापक कुकाई ऊर्फ कोबो दाइशी (774-835) यांना एका रात्री कुणी आसरा दिला नाही, म्हणून ते पुलाखाली झोपले, अशी कथा आहे. ते अजून खाली झोपले असतील, तर वर टकटक करून झोपमोड कशाला? हा पूल एहिमे प्रांतातल्या ओझूमध्ये दाखवतात. नियम मात्र सगळ्याच पुलांना लागू, सिमेंटच्यासुद्धा.

बेटाला वळसा घालणारी ही यात्रेची वाट सुमारे 1200 किलोमीटरची, 88 मंदिरांची. पायी सहा-सात आठवडे लागतात. बहुतेक जपानी भाविक आता बसने किंवा गाडीने उरकतात. फोटोत दिसतं ते देवदारांचं जंगल असतं थोडंच. बराचसा रस्ता डांबरी. तेविसाव्या आणि चोविसाव्या मंदिरांमध्ये तर सुमारे 75 किलोमीटर अंतर आहे.

यात्रेकरूचा अंगरखा पांढरा, कारण वाटेत मरण आलं तर तेच कफन. काठी म्हणजे साक्षात दाइशी. मुक्कामी पोचल्यावर आधी काठीचं टोक धुवायचं, मग आपलं बघायचं.

मराठी माणूस अडतो तो ‘ओसेत्ताई’पाशी. रस्त्यात अनोळखी आजी थांबवतात आणि हातात संत्री ठेवतात, कधी चहाचे पैसे. आपण सवयीने ‘नको, नको’ म्हणतो. इथे ते चालत नाही. दान यात्रेकरूमार्फत दाइशींना पोचतं, मग आपण नाकारणारे कोण! दोन्ही हातांनी घ्यायचं आणि आपल्या नावाची चिठ्ठी, ‘ओसामेफुदा’, द्यायची. वारकऱ्यांना जेवू घालणाऱ्या गावांना हे समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की इथे दिंडी नाही, बरेच जण एकटेच चालतात.

चपला दाराशी काढणं आपल्या अंगवळणी असतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण मुक्कामाच्या घरी शौचालयाच्या सपाता वेगळ्या. त्याच घालून जेवणघरात गेलात, की कुणी बोलत नाही, नुसते पायांकडे बघतात.

मंदिरात हृदयसूत्र म्हटलं जातं. शब्द कळत नाहीत, मात्र शेवटच्या मंत्राला कान द्या, जपानी उच्चारातलं संस्कृत ओळखू येईल. यात्रेकरू मंदिरोमंदिरी वहीत शिक्के घेतात, त्यांवरची बीजाक्षरं सिद्धम् लिपीतली, म्हणजे देवनागरीच्या नात्यातली. शिक्क्याची खिडकी संध्याकाळी पाचला बंद होते. तेवढं सांभाळून निघा.