गोळी एक, औषधं दोन

आपल्या कॉलेजमधून दरवर्षी काहीजण एम.एस.साठी इंग्लंडला जातात. जाताना आई बॅगेत चकली, मेतकूट, छोटा कुकर आणि औषधांची एक पिशवी भरून देते. सुट्टीत परत येताना मात्र उलटी वाहतूक होते. चॉकलेटं येतात, आणि हल्ली मी बघतेय, डोकेदुखीच्या गोळ्यांची पाकिटंही येतात. "तिकडची गोळी आहे, एकदम पॉवरफुल!" असं सांगून ती विंगमधून फिरतात. कुणाची मान आखडली, कुणाची दाढ ठणकली, की द्या दोन.

मला पाकिटातली घडी घातलेली चिठ्ठी वाचायची वाईट खोड आहे (मी शाम्पूच्या बाटलीची पाठसुद्धा वाचते). ती वाचली, मग लायब्ररीत बसून थोडं आणखी वाचलं. जे कळलं ते सगळ्यांना माहीत असायला हवं असं वाटलं, म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. पण बेरीज-गुणाकार येतो, आणि या विषयात बरंचसं काम तेवढ्यावर भागतं.

या गोळीचं इंग्लंडमधलं सर्वसाधारण नाव को-कोडामॉल. पाकिटावर ८/५०० असा आकडा असतो. हा अपूर्णांक नव्हे! एका गोळीत ८ मिलिग्रॅम कोडीन आणि ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे, एवढाच त्याचा अर्थ. सोल्पाडीन प्लसमध्ये हेच दोन्ही असून वर थोडं कॅफीन असतं. न्यूरोफेन प्लसमध्ये पॅरासिटामॉलऐवजी २०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि १२.८ मिलिग्रॅम कोडीन असतं. तिन्ही तिथे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतात, पण सुपरमार्केटच्या शेल्फवर नाही. फार्मसीच्या काउंटरवर मागावी लागतात. लीड्सला शिकणारी माझी मावसबहीण सांगते, "अगं, गोळी घ्यायला गेले तर बाई माझी तोंडी परीक्षाच घ्यायला लागली! कशासाठी हवी, आधी काय घेतलं, किती दिवस झाले, आणखी कुठली औषधं चालू आहेत?" ताईला राग आला होता. मला विचाराल तर ते चारही प्रश्न बरोबर होते.

कारण कोडीन म्हणजे शेवटी अफूचंच अपत्य. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पिएर रोबिके याने १८३२ साली ते अफूतून वेगळं काढलं. 'अफूची गोळी' हा शब्दप्रयोग आपण निबंधात आणि वादविवाद स्पर्धेत किती सहज वापरतो. इथे तो अक्षरशः खरा आहे. गंमत म्हणजे कोडीन स्वतः फारसं वेदनाशामक नाही. यकृतातलं एक एन्झाइम, सीवायपी-२डी-६, त्यातल्या साधारण दहाव्या हिश्शापर्यंत कोडीनचं मॉर्फीन करतं, आणि खरं काम ते मॉर्फीन करतं. आता हे एन्झाइम सगळ्यांमध्ये सारखं नसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर इनपुट तेच, पण प्रत्येक ॲम्प्लिफायरचा गेन वेगळा. काहींच्या शरीरात मॉर्फीन जवळजवळ तयारच होत नाही, त्यांना कोडीनचा उपयोग शून्य. काहींच्या शरीरात ते भराभर तयार होतं आणि नेहमीच्या डोसलाही गुंगी येते, श्वास मंदावतो. आपण कुठल्या गटात आहोत हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. काही औषधं, उदाहरणार्थ नैराश्यावरचं फ्लुऑक्सेटीन किंवा पॅरॉक्सेटीन, हे एन्झाइम अडवतात, मग कोडीनचा असर कमी होतो. म्हणून रूममेटला लागू पडलेली गोळी आपल्याला तशीच लागू पडेल हा हिशोबच चुकीचा आहे. याच कारणाने बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देत नाहीत, आणि अंगावर पाजणाऱ्या आईनेही घ्यायचं नसतं. बाळाला दुधातून मॉर्फीन जाऊ शकतं.

आता बेरीज. को-कोडामॉल ८/५०० मोठ्या माणसाने एका वेळी दोन, दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त आठ. आठ गोळ्या म्हणजे ६४ मिलिग्रॅम कोडीन आणि ४००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. दुसरा आकडा नीट बघा. मोठ्या माणसासाठी पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅमच आहे. म्हणजे आठव्या गोळीला टाकी काठोकाठ भरली. (वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर मर्यादा आणखी खाली येते, आणि आमच्या विंगमधल्या निम्म्याजणी त्यात मोडतील. त्यांनी आधी विचारून घ्यावं.) त्यावर सर्दी झाली म्हणून लेमसिपची गरम पुडी प्यायलात तर? त्या पुडीतही प्रकाराप्रमाणे ६५० ते १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. एक पुडी प्यायलात तरी मर्यादा मागे पडली, आणि आपल्या मते आपण 'एक गोळी आणि एक काढा' एवढंच घेतलेलं असतं.

खरी मेख पुढे आहे. कोडीनची शरीराला सवय होते. महिन्याभरापूर्वी दोन गोळ्यांनी जो आराम पडायचा त्याला आता चार लागतात. माणूस मागे लागलेला असतो कोडीनच्या, पण गोळी फोडून त्यातलं फक्त कोडीन खाता येत नाही. दुसरं औषध फुकटात पोटात जातं. समजा कुणी दिवसाला वीस को-कोडामॉलपर्यंत पोहोचला. कोडीन झालं १६० मिलिग्रॅम, आणि पॅरासिटामॉल दहा ग्रॅम! कोडीनचा तो आकडा डॉक्टरांच्या देखरेखीखाली एखाद्या रुग्णाला दिलाही जातो. पॅरासिटामॉलचा आकडा यकृत निकामी करू शकतो. न्यूरोफेन प्लसच्या चोवीस गोळ्या म्हणजे ४८०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन, प्रिस्क्रिप्शनशिवायच्या मर्यादेच्या (१२०० मिलिग्रॅम) चौपट. याने जठराला व्रण पडून रक्तस्राव झालेले, मूत्रपिंड बिघडलेले आणि रक्तातलं पोटॅशियम धोकादायकरीत्या खाली गेलेले रुग्ण डॉक्टरांनी पाहिले आहेत. थोडक्यात, या जोडगोळीत चटक लावणारा एक आणि अवयव खाणारा दुसरा.

पॅरासिटामॉलचं दुखणं जरा सविस्तर सांगते, कारण ते फसवं आहे. नेहमीच्या डोसमध्ये त्याचा थोडा भाग यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन नावाचा साठा त्याला लगेच निष्प्रभ करतो. डोस फार झाला की साठा संपतो आणि विष यकृताच्या पेशींवर उतरतं. पण पहिल्या दिवशी कदाचित थोडी मळमळ, कदाचित काहीच नाही. माणूस कॅन्टीनमध्ये चहा पीत बसलेला असतो. यकृताचं नुकसान तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिखरावर पोहोचतं. यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, आणि तो आठ तासांच्या आत सुरू झाला तर सगळ्यात चांगला. म्हणून जास्त गोळ्या गेल्याचं कळलं, स्वतःकडून असो वा मैत्रिणीकडून, तर 'बरं वाटतंय ना, बघू सकाळी' असं चालत नाही. पाकीट हातात घेऊन सरळ हॉस्पिटल. वॉर्डन ओरडतील ते नंतर बघू.

कोडीनचा ओव्हरडोस वेगळा दिसतो. हाका मारून जाग येत नाही, श्वास संथ आणि उथळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अशा माणसाला झोपू देऊ नये. लगेच ॲम्ब्युलन्स (तिकडे ९९९, आपल्याकडे १०८), आणि ती येईपर्यंत त्याला कुशीवर वळवून श्वासाकडे लक्ष ठेवून शेजारी बसावं. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा गुंगी आणणारी सर्दीची औषधं सोबत असतील तर हे फार कमी डोसवरही घडू शकतं. पार्टीनंतरच्या डोकेदुखीवर ही गोळी म्हणजे अगदी नको तीच निवड.

पण हॉस्टेलला जास्त लागू पडणारा सापळा याहून साधा आहे, आणि त्याला नशा वगैरे काही लागत नाही. सबमिशनच्या दिवसांत डोकं दुखतं, गोळी घेतली, थांबलं. दुसऱ्या दिवशी परत. अशा मिश्र किंवा कोडीनयुक्त गोळ्या महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. साध्या पॅरासिटामॉलला हीच मर्यादा पंधरा दिवसांची आहे. ताईच्या फ्लॅटमधल्या एका मुलाचं असंच झालं. थीसिसच्या काळात रोज सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायचं म्हणून रोज दोन, मग चार. गोळी चुकली की जांभया, नाक गळणं, अंगावर शहारे, घाम, पोट बिघडणं. त्याला वाटायचं, इथल्या थंडीचा फ्लू. तो फ्लू नव्हता, कोडीन उतरत होतं. चष्म्याचा नंबर दोनदा तपासून झाला, मग तिथल्या जी.पी.ने 'रोज काय घेतोस?' असं विचारलं तेव्हा उलगडा झाला. हळूहळू डोस कमी करत काही आठवड्यांनी सुटला. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की तो व्यसनी-बिसनी कुणी नव्हता, अभ्यासू मुलगा होता. आणि ज्याला आठवडे-महिने झालेत त्याने हे वाचून तिरमिरीत आजच्या आज बंद करायचं नाही. डॉक्टरांकडे जाऊन खरा आकडा सांगायचा, मग ते उतरवत नेतात.

हे सगळं बघून देशोदेशी नियम आवळले गेले. ब्रिटनने २००९ मध्ये पाकीट ३२ गोळ्यांवर आणलं आणि ठळक इशारा छापायला लावला, की व्यसन लागू शकतं, फक्त तीन दिवस वापरा. फ्रान्सने २०१७ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने १ फेब्रुवारी २०१८ पासून कोडीन पूर्णपणे प्रिस्क्रिप्शनवर नेलं. ऑस्ट्रेलियातला एक मुद्दा मला फार पटला. इतक्या कमी प्रमाणातलं कोडीन साध्या गोळीपेक्षा फारसा जास्त आराम देतच नाही, धोका मात्र देतं. आपल्या बेरजेतही तेच येतं. दोन गोळ्यांत १६ मिलिग्रॅम कोडीन, त्याचं मॉर्फीन होणार फार तर दीड-पावणेदोन मिलिग्रॅम. म्हणजे 'पॉवरफुल' गोळीतली बरीचशी पॉवर आपल्या ओळखीच्या पॅरासिटामॉलचीच.

भारतात चित्र वेगळं आहे. निमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया होते, पण कोडीनची गोळी काउंटरवर मागून मिळत नाही. २०१४ पासून ते शेड्यूल एच-१ मध्ये आहे. प्रिस्क्रिप्शन हवं, आणि केमिस्टला रजिस्टरमध्ये डॉक्टर-पेशंटची नोंद करावी लागते. दुरुपयोग इथे जास्त झाला तो कोडीनच्या खोकल्याच्या सिरपचा. मात्र 'गोळी एक, औषधं दोन' हा घोळ आपल्या डब्यातही आहेच. क्रोसिन, डोलो, कॉम्बिफ्लॅम, सॅरिडॉन, चार नावं, चारांतही पॅरासिटामॉल! कॉम्बिफ्लॅममध्ये वर आयबुप्रोफेन. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन घ्यायचंच नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तर जे यंदा इंग्लंडला चालले आहेत त्यांच्यासाठी. आधी साधं पॅरासिटामॉल किंवा, पोटाचा, किडनीचा वा दम्याचा त्रास नसेल तर, जेवणानंतर आयबुप्रोफेन घेऊन बघा. त्यानेही दुखणं थांबत नसेल तरच कोडीनची जोडगोळी, आणि तीही तीन दिवस. चौथ्या दिवशीही दुखत असेल तर गोळी बदलू नका, डॉक्टर गाठा. रोज घेतलेल्या गोळ्यांचा आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा, कारण दुखताना आठवण दगा देते. पाणी भरपूर प्या, कोडीनने पोट साफ होत नाही. झोप येत असेल तर गाडी चालवू नका, तिथे तो गुन्हा आहे. मित्राने दिलेली गोळी घेण्याआधी आकडा बघा. ३०/५०० लिहिलेली असेल तर ती डॉक्टरने त्याच्यासाठी लिहून दिलेली आहे, कोडीन जवळजवळ चौपट, आणि दिसायला दोन्ही पांढऱ्याच.

आणि येताना आमच्यासाठी आणू नका. वाटेत दुबईला उतरणार असाल तर तिथे कोडीन नियंत्रित औषधांत मोडतं, सोबत नेण्यासाठी आधी परवानगी काढावी लागते. उरलेल्या गोळ्या इंग्लंडमधल्या फार्मसीत परत घेतात. पैसे मिळत नाहीत, पण त्या बॅगेच्या जागेत चॉकलेटं बसतात.