फेब्रुवारीची तोड

काटोलचं बसस्थानक. मे महिना. साडेसहालाच पत्रा तापलाय. समोरच्या पानठेल्यावर एक पोरगा पन्नीत खर्रा घोटतोय. काका तिकडे पाहत नाहीत. दुपट्टा नाकापर्यंत ओढलेला. त्याखाली उजवा जबडा नाही. गेल्या वर्षी काढावा लागला, खर्ऱ्यापायी.

काकूंच्या मांडीवर साडीच्या दुकानातली पिशवी, आत जुन्या स्कॅनच्या फिल्म. कंडक्टर दोघांना अर्धं तिकीट देतो. एक बाईमाणसाचं, एक पासष्टीनंतरचं. "दोघं मिळून एक झालो," काकू म्हणतात.

साठेक किलोमीटरचा रस्ता. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, पानं मलूल. मृग बहार धरायचा म्हणून पाणी तोडलंय, झाडं ताणावर आहेत. काका काहीतरी पुटपुटतात. त्यांचं बोलणं आता काकूंनाच कळतं. "म्हणतात, झाडाले माराचं नाई, निस्तं भेव दाखवाचं."

नागपूर. ओपीडीत आमचं टोकन 84, आत 31 वं. कूलरसमोरची जागा कधीच गेलेली. इथे कुणी कुणाचा आजार विचारत नाही. "कितवी किमो जी?" एवढंच. मग गाव.

परवा पेट स्कॅन झाला. उपाशीपोटी साखर तपासली, शिरेतून किरणोत्सारी साखर सोडली, तासभर गप्प निजवून ठेवलं. हावरी गाठ ती साखर ओढते आणि पडद्यावर उजळते. त्या साखरेतला किरणोत्सार 110 मिनिटांत निम्मा होतो. तरी काकूंनी रात्रीपर्यंत नातवाला जवळ जाऊ दिलं नाही.

अडीच वाजता रिपोर्ट हातात येतो. मी शेवटची ओळ आधी वाचतो. सगळेच तसं करतात. 'प्रोग्रेसिव्ह डिसीज.'

"प्रोग्रेस म्हंजे चांगलंच ना, भाऊ?" नातवाचं प्रोग्रेस कार्ड काकूंनी पाहिलेलं आहे.

मी पाण्याची बाटली उघडतो.

फुप्फुसातली गाठ 14 मिलिमीटरची 19 झालीय. मापांची बेरीज 20 टक्क्यांनी वाढली, की औषध लागू पडत नाही असं धरतात. डॉक्टर हे सगळं हळू आवाजात सांगतात. औषध बदलून बघू, म्हणतात. बाहेर 85 चा पुकारा होतो.

काका दुपट्टा खाली करतात, दिवसभरात पहिल्यांदाच. डॉक्टरांकडे पाहत दोन-तीन शब्द बोलतात. काकू या वेळी अर्थ सांगत नाहीत. मला कळलेलं असतं, म्हणून मी सांगतो, "साहेब, मृगाची तोड फेब्रुवारीत असते."

डॉक्टरांचं पेन थांबतं. "जुलैत परत स्कॅन करू," ते म्हणतात.

परतीच्या बसमध्ये खिडकीची दांडी हाताला पोळते. काटोलला उतरतो तेव्हा अंधारलेलं असतं. नातू स्थानकावरच आलेला आहे. तो पिशवी मागतो, काका देत नाहीत. बोटाने बागेकडची दिशा दाखवून त्याला काही विचारतात.

"नाही दिलं," नातू म्हणतो.

बागेला अजून पंधरा दिवस पाणी द्यायचं नाही.