चौकट : कोहोजची एक दिवसाची वाट

शिरगावच्या किनाऱ्यावरून निघून संध्याकाळी घरी परतता येईल, असा हा मध्यम चढाईचा बेत. पायथ्याला तलाव, माथ्यावर कोहोज किल्ला.

कसे जावे : शिरगाव – पालघर – मनोर – वाघोटे. वाघोटे हे पायथ्याचे गाव मनोर–वाडा रस्त्यावर आहे. परतीच्या एसटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा.

केव्हा : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात कातळ निसरडा होतो, एप्रिल-मेमध्ये ऊन सोसवत नाही.

वाट : गावामागच्या पाझर तलावाच्या कडेने रान सुरू होते. ढोरवाटा अनेक फुटतात, म्हणून गावातला वाटाड्या सोबत घ्या आणि त्याला योग्य मोबदला द्या. चढाईला दोन ते तीन तास धरा.

काय पाहाल : पठारावरचे शिवमंदिर, खडकात कोरलेली पाण्याची टाकी आणि माथ्यावर वाऱ्याने झिजून आकार घेतलेला उंच सुळका.

सोबत : माणशी तीन लिटर पाणी, भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, टोपी, विजेरी, पकड असलेले बूट. टाक्यातले पाणी गाळून, उकळूनच प्या.

वेळ : सातपर्यंत चढाई सुरू, दुपारी एकला उतरायला लागा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

पथ्ये : तलावात पोहायला उतरू नका. रानात विस्तव पेटवू नका, धुराने आग्या मोहोळ उठते. कचरा परत आणा. तलावाचे पाणी गावाच्या गुराढोरांचेही आहे.

अडचणीत : 112, रुग्णवाहिकेसाठी 108.