राखलेल्या रानाची आकारणी

चारठाणा हे गाव बाहेरच्यांना माहीत असते ते यादवकालीन मंदिरांमुळे आणि बारवेमुळे. शेतीच्या अंगाने पाहिले तर ते जिंतूर तालुक्यातले गाव आहे, म्हणजे परभणी जिल्ह्याच्या डोंगराळ कडेचे. या तालुक्यात काळ्या कसदार रानाला लागूनच मुरमाड माळ सुरू होतो. अशा माळाचा एखादा तुकडा शेतकऱ्याने दहा वर्षे राखला, गुरे आत सोडली नाहीत, कुऱ्हाड लागू दिली नाही, तर तिथे पळस, धावडा, कडुनिंब, बाभूळ आपोआप उभे राहतात. आता त्या तुकड्याचा सातबारा काढून पाहा. नमुना सातमध्ये लागवडयोग्य क्षेत्र जिरायत आणि बागायत असे वाटलेले असते, खाली पोटखराब वर्ग अ आणि वर्ग ब, आणि त्याखाली रुपये-पैशांत आकार. नमुना बारामध्ये पिकांचे रकाने आणि शेवटी ‘लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन’. दहा वर्षे घाम गाळून राखलेले रान या कागदावर ‘पड’ म्हणून नोंदले जाते. शेजारी ज्याने खरोखरच जमीन टाकून दिली आहे, त्याच्याही उताऱ्यावर तोच शब्द असतो. या लेखाचे म्हणणे या एका शब्दाभोवती आहे. खासगी रानावर कर फार आहे, अशी तक्रार नाही. रान राखणे हा जमिनीचा उपयोग आहे, हेच आपल्या आकारणीला मान्य नाही, आणि त्याची किंमत मराठवाड्यासारखा उघडाबोडका प्रदेश मोजतो आहे.

हे असे का झाले, याचे उत्तर आकारणीच्या जन्मात आहे. मुंबई इलाख्यात १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची पाहणी सुरू केली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले. पुढे सर सालारजंग यांच्या कारभारात निजामाच्या मराठी मुलखातही महसुलाची घडी याच धर्तीवर बसवली गेली. पद्धत साधी आणि त्या काळाच्या मानाने न्याय्य होती. मातीचा रंग आणि खोली पाहायची आणि आण्यांत प्रतवारी लावायची. उत्तम काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे, तीच एक हात असेल तर दहा आणे, पाव हात उरली तर साडेचार, आणि अगदी हलक्या मातीची प्रत दोन आण्यांपर्यंत खाली येई. ही मोजपट्टी नांगराची आहे. ज्वारीच्या मुळाला किती माती मिळेल, एवढाच प्रश्न ती विचारते. धावड्याचे मूळ मुरमाच्या भेगेतून खाली उतरते, हे तिच्या हिशेबात नाही. म्हणून जी जमीन झाडासाठी बरी, ती आकारणीत कायम नापास ठरत आली. याच पाहणीत एक थोर तत्त्वही होते, ते मात्र आपण विसरलो. शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने विहीर खणली, ताल घातली, तर त्या सुधारणेमुळे वाढलेल्या उत्पन्नावर पुढच्या फेरआकारणीत सारा वाढवायचा नाही. राखलेले रान ही विहिरीइतकीच सुधारणा आहे. माती धरते, पाणी मुरवते, खालच्या शेताची विहीर जिवंत ठेवते. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर होते, रानाची होत नाही.

झाड कोणाचे, हा दुसरा प्रश्न. निजामी राजवटीत शिंदीचे झाड म्हणजे अबकारी उत्पन्न होते. म्हणून तर १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात मराठवाड्यात सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली. तो सरकारच्या तिजोरीवर घातलेला घाव होता. झाड सरकारचे आणि त्रास आपला, ही भावना तेव्हापासून मुरलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २५ ने हा प्रश्न कागदावर सोडवला: वहिवाटीच्या जमिनीवरील झाडांचा हक्क जमीनधारकाचा. पण त्याआधीच १९६४ चा झाडे तोडण्याच्या विनियमनाचा कायदा आला होता. साग, मोह, चिंच, आंबा, खैर, चंदन, ऐन, अंजन, जांभूळ अशी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मग १९७५ मध्ये खासगी वने संपादन कायदा आला आणि ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातली खासगी वने सरकारजमा झाली. ठेकेदारांच्या हातून डोंगर उघडे पडत होते, त्यामुळे त्या कायद्यामागचा हेतू चुकीचा नव्हता. पण त्याची वनाची व्याख्या इतकी रुंद होती की झाड आपोआप उगवलेले असो वा माणसाने लावलेले, दोन्ही तिच्यात बसत. छोट्या धारकांना जमीन परत देण्यासाठी पुढे कलम २२अ घालावे लागले. खासगी जमिनीला वन ठरवण्यासाठी आधार धरलेल्या १९५०च्या दशकातल्या नोटिशींचे वाद तर सर्वोच्च न्यायालयात २०१४ पर्यंत चालले, आणि नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकाला बजावलेली असली पाहिजे, असा निकाल गोदरेज प्रकरणात लागला. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाच्याच १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाने वन म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने वन, मालकी कोणाचीही असो, असे ठरवले. चारठाण्याच्या शेतकऱ्याने यातला एकही निकाल वाचलेला नसेल. पण ‘इतर हक्क’ या रकान्यात ‘वन’ असा शेरा पडला की जमीन विकता येत नाही आणि बँक दारात उभी करत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून तो रोपटी कमरेएवढी झाली की उपटतो किंवा वणवा लागू देतो. कायद्याच्या भीतीने होणारी ही तोड कोणत्याही नोंदीत येत नाही.

आयकराची गंमत याच्या नेमकी उलट आहे, आणि ती गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. शेती उत्पन्नावर आयकर नाही. मग रानाचे उत्पन्न शेतीचे का? १९५७ मध्ये राजा विनयकुमार सहासराय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी दिली: जमिनीवर मूळ मशागत, म्हणजे नांगरट, पेरणी, लावणी, झालेली असली तर ते शेतीचे उत्पन्न. आपोआप उगवलेल्या झाडांची नुसती राखण, छाटणी, निंदणी केली तर तेवढ्याने ते शेतीचे होत नाही. जेसीबीने माळ उकरून निलगिरीच्या रांगा लावणाऱ्याला करमाफी मिळते. खुंटातून फुटलेला कोंब वीस वर्षे जपणाऱ्याला ती मागताना झगडावे लागते. कोरडवाहू मुरमाड जमिनीत जुन्या मुळातून येणारा फुटवा लावलेल्या रोपापेक्षा जास्त टिकाऊ असतो. त्याचे मूळ आधीच खोल गेलेले असते आणि त्याला टँकरने पाणी घालावे लागत नाही. जी पद्धत या हवामानाला मानवते, तिलाच कराची कसोटी परकी समजते.

आता नेहमीचा आक्षेप. शेतसारा असतोच किती? हेक्टरी रुपयांत मोजण्याइतका. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे, पण आकार वाढवा अशी हाकाटी अधूनमधून उठते आणि तेव्हा झाडाचा हिशेब वेगळा का हे माहीत असले पाहिजे. समजा एका तुकड्यावर दरसाल शंभर रुपये कर आहे. सोयाबीनवाला ते त्याच वर्षीच्या पिकातून भरतो. सागवाला चाळीस वर्षे पदरचे भरतो. भरलेली रक्कम चार हजार, पण आठ टक्के चक्रवाढ धरली तर तोडणीच्या वर्षी ती सुमारे २५,९०० रुपये होते. जर्मन वनतज्ज्ञ मार्टिन फाउस्टमान याने १८४९ मध्येच रानाच्या किमतीचा हिशेब काळाच्या व्याजासह मांडून दाखवला होता. फिनलंडसारख्या जंगलावर जगणाऱ्या देशाने १९२२ पासून आपल्यासारखाच, जमिनीच्या प्रतीवरून कर घेतला, तोडा अथवा ठेवा. १९९३ मध्ये त्यांनी तो सोडून प्रत्यक्ष लाकूडविक्रीच्या उत्पन्नावर कर आणला आणि जुन्या पद्धतीत राहू इच्छिणाऱ्यांना २००५ पर्यंत मुदत दिली. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत उभ्या झाडावर कर नाही, जमिनीवर थोडा आणि तोडणीच्या वेळी एकदा. आपल्याकडे रक्कम किरकोळ आहे हे खरे, पण सातबाऱ्यावरचा शब्द किरकोळ नाही. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीचा पंचनामा, सगळे त्या शब्दावरून ठरते. ‘पड’ लिहिलेल्या रानाला आग लागली तर पंचनाम्यात लिहायला नुकसानच नसते.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. वेगळी नोंद आणि सवलत दिली की शहरातले पैसेवाले चार झाडे लावून फार्महाऊसला रान म्हणवतील, आणि परवाना सोपा केला की सरकारी जंगलातला साग खासगी म्हणून ट्रकमध्ये चढेल. दोन्ही भीती खऱ्या आहेत. पहिलीवर उपाय असा, की नोंद झाडांच्या संख्येवर नको, राखणीच्या वर्षांवर हवी. सलग पाच वर्षे चराई आणि तोड नसल्याची पाहणी झाली, जमिनीवर बांधकाम नाही, तरच ती व्हावी. उपग्रहाची छायाचित्रे आता इतकी सहज मिळतात की पाच वर्षांची खोटी राखण दाखवणे अवघड आहे. दुसऱ्या भीतीबद्दल शेजारच्या मध्य प्रदेशाकडे पाहावे. तिथल्या २००१ च्या लोकवानिकी कायद्यात खासगी रानाचा मालक आराखडा करून घेतो, कोणत्या वर्षी कुठली झाडे तोडायची आणि कुठली राखायची ते आधी मंजूर होते. आधी नोंद असलेल्या झाडाचा हिशेब जुळतो. चोरीचे लाकूड लपते ते बिननोंदीच्या गोंधळात. म्हणजे नोंद ही चोरीविरुद्धची पहिली चौकी आहे. आणि तोडीचे निर्बंध ढिले केल्याने झाडे संपतात, हेही दर वेळी खरे ठरत नाही. २०१७ मध्ये वनाबाहेरच्या बांबूला भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बाहेर काढले. त्यानंतर बांबू उजाड झाला नाही, उलट मराठवाड्यातही लोक तो लावू लागले.

धान्याची जमीन रानाखाली जाईल, ही तिसरी शंका इथे फारशी टिकत नाही. पावणेदोन हात काळीचा धनी झाडासाठी सोयाबीन सोडणार नाही, आणि त्याने सोडूही नये. प्रश्न पाव हात मातीचा आहे. २०१८ मध्ये नियम बदलून वर्ग अ पोटखराब लागवडीखाली आणण्याची आणि तिची आकारणी करून घेण्याची मुभा राज्याने दिली. म्हणजे मुरूम फोडून त्यावर पीक घेतले तर कागद बदलतो, झाडे वाढवली तर बदलत नाही. ज्या जिल्ह्याचे नाव राज्यातल्या सर्वांत कमी वनाच्छादनाच्या यादीत लातूर, जालन्यासोबत येते, तिथे हा उलटा न्याय आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने एक तृतीयांश भूभागावर झाडोरा असावा असे म्हटले. परभणीत सरकारी वनजमीन मुळातच इतकी थोडी आहे की सगळी घनदाट झाली तरी हे उद्दिष्ट दूर राहील. झाडे वाढायची तर शेतकऱ्याच्याच जमिनीवर वाढतील.

त्यासाठी नवा महामंडळी खटाटोप नको. नमुना बारामध्ये ‘राखलेले रान’ असा स्वतंत्र रकाना हवा. अशा रानाचा आकार तोडणीपर्यंत नाममात्र राहावा आणि तोडीच्या वेळी लहानसा हिस्सा ग्रामपंचायतीला जावा. या नोंदीमुळे जमीन वन ठरणार नाही, अशी हमी कायद्यात लिहिलेली असावी. आणि आयकरात राखणीला लावणीइतकेच मोल मिळावे. हे होईपर्यंतही एक गोष्ट हातात आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत बांधावरची झाडे नोंदवण्याची सोय आहे. ज्यांच्याकडे असा राखलेला तुकडा आहे त्यांनी पुढच्या पाहणीत निदान धुऱ्यावरच्या प्रत्येक झाडाची नोंद करावी, उतारा काढून ती उमटली का ते पाहावे, आणि आतल्या रानाला रकाना नाही हे ग्रामसभेच्या ठरावाने तहसील कार्यालयाला लेखी कळवावे.